घरातल्या लाकडाला काय लावावे?

(पुसद येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



पावसाळा सरत आला. आता दसरा-दिवाळीची तयारी सुरू होईल. घरे सारवली जातील. भिंतींना चुना लागेल. मग घरधन्याची नजर दाराकडे जाते. पावसाने दार काळवंडलेले असते. चौकटीच्या रंगाचे पोपडे निघालेले असतात. तो म्हणतो, "याला काहीतरी लावले पाहिजे."

हे "काहीतरी" म्हणजे काय, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो, पण तो लहान नाही. दाराला, खाटेला, पाळण्याला जे लावाल, त्याच्याबरोबर तुम्हांला वर्षानुवर्षे राहायचे आहे. त्याचा वास तुमच्या छातीत जाणार. त्याचा कण लेकराच्या हाताला लागणार, आणि हातावरून तोंडात जाणार. उरलेसुरले तुम्ही नालीत ओतणार. नालीचे पाणी नाल्याला जाते आणि नाला पूस नदीला मिळतो. म्हणून लाकडाला काय लावायचे, हे विचार करून ठरवावे.

लाकडाची गरज काय?

झाड तोडले, फळ्या पाडल्या, दार केले. तरी लाकूड पाणी पिते आणि पाणी सोडते. पावसाळ्यात दार फुगते, लागता लागत नाही. उन्हाळ्यात तेच दार आकसते आणि फटी पडतात. असे वर्षानुवर्षे चालले की लाकूड तडकते. पाणी मुरले की ते कुजते.

तेव्हा वरून जे लावायचे, त्याचे काम दोन गोष्टींचे आहे. पाणी आणि मळ आत जाऊ द्यायचा नाही, ही पहिली गोष्ट. लाकूड साफ आणि नेटके दिसावे, ही दुसरी.

वाळवी मारणे हे रंगाचे काम नव्हे. हे नीट लक्षात घ्या. वाळवी बहुधा जमिनीतून येते. भिंतीवर मातीच्या नळ्या बांधत ती चौकटीपर्यंत पोचते. चौकटीचा पाय मातीत पुरलेला असेल, तर वरून कितीही रंग द्या, वाळवी खालून शिरणार. चौकट दगडावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर उभी करा. पायाशी ओल राहू देऊ नका. मातीची नळी दिसली की लगेच मोडा. हा पहिला उपाय. त्याला पैसा लागत नाही.

आपला यवतमाळ जिल्हा सागवानाचा आहे. सागाच्या अंगात स्वतःचे तेल असते. त्याच्या गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचा पांढरट भाग मात्र कच्चा असतो. त्याला कीड लागते. म्हणून सागाची वस्तू करताना सुतारभाऊंना सांगावे, "पांढरा भाग काढून टाका." घरातल्या गाभ्याच्या सागाला फार काही लावावे लागतच नाही. थोडे तेल पुरे.

आणि एक सांगतो. सागाचे झाड इमारतीजोगे व्हायला पन्नास-साठ वर्षे लागतात. आजोबा लावतो तेव्हा नातवाला दार मिळते. ते दार नीट राखले तर शंभर वर्षे टिकते. राखले नाही तर दुसरे झाड तोडावे लागते. दार राखणे म्हणजे जंगल राखणेच आहे.

दोन गोष्टी घरात आणू नका

आता काय लावू नये, ते आधी सांगतो.

पहिली गोष्ट जळके ऑईल. ट्रॅक्टरचे, मोटारसायकलचे काढून टाकलेले काळे तेल. पुष्कळ गावांत ते चौकटीला, फाट्यांना, खाटेच्या पायांना फासतात. का? ते फुकट मिळते, आणि त्याने वाळवी पळते अशी समजूत आहे.

पण त्या तेलात काय असते पाहा. इंजिनाच्या आत लोखंड, तांबे, शिसे झिजते. ती झीज त्या तेलात उतरते. डिझेल-पेट्रोल जळते, त्याची काजळीही उतरते. त्या काजळीत कर्करोग करणारी द्रव्ये असतात. शिवाय ते तेल कधी वाळत नाही. हात लावला की हाताला, पदर लागला की पदराला. मूल खाटेचा पाय धरून उभे राहायला शिकते. त्याच्या हाताला ते लागते. मग ते मूल तोच हात चोखते. सरकारच्या २०१६ च्या नियमांत या तेलाला घातक कचरा म्हटले आहे. गॅरेजवाल्याने ते नोंदणी असलेल्या कारखान्यालाच द्यायचे असते. जे कायद्याने घातक कचरा ठरले, ते आपल्या घरात कशाला?

दुसरी गोष्ट फवारणीचे औषध. कपाशीवर मारून थोडे उरले, म्हणून ते कपाटाच्या मागे, माळ्याच्या फळ्यांवर शिंपडतात. मंडळी, २०१७ साल आठवा. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते उघड्या रानात, वाऱ्यात उभे होते. तरी विष श्वासातून आणि कातडीतून अंगात गेले. तेच विष बंद खोलीत, आपण निजतो तिथे, फळीवर शिंपडावे का? शेताचे औषध शेतापुरते. ते घरात नको.

शिसे म्हणजे काय भानगड?

आता रंगाकडे येऊ.

शिसे हा धातू तुम्हांला ठाऊक आहे. मासे धरण्याच्या जाळ्याला वजनासाठी शिसे लावतात. हा धातू रंगातही घालत असत. शिशाने रंग तेजदार होतो, लवकर वाळतो, जास्त टिकतो. पिवळा, नारिंगी, लाल या भडक रंगांत तो विशेष असे. लोखंडावर आधी देतात त्या जुन्या लाल रंगातही शिसेच असे.

रंग जुना झाला की त्याची भुकटी होते. ती जमिनीवर पडते. जमिनीवर कोण रांगते? मूल. मूल पाळण्याची कड चावते, बोटे तोंडात घालते. मोठ्या माणसाच्या मानाने लहान मुलाच्या पोटात शिसे चार-पाच पटींनी जास्त मुरते. त्याने रक्त कमी होते. मेंदूची वाढ खुंटते. मूल चिडचिडे होते. शाळेत त्याचे ध्यान लागत नाही. पाठ केलेले राहत नाही. मास्तर त्याला ढ म्हणतात, बाप त्याला मारतो. आणि दोष कधी कधी घरातल्या रंगाचा असतो! जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचे अमुक इतके प्रमाण चालेल असे काही नाही. थोडेही वाईटच.

म्हणून भारत सरकारने २०१६ साली नियम केला. तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. घरासाठी विकायच्या रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. तसे डब्यावर छापलेही पाहिजे.

आता तुमच्या शिकण्याचा उपयोग पाहा. पूर्वी तुम्ही दुकानदाराला म्हणत होता, "एक डबा लाल रंग द्या." तो देईल तो डबा घेऊन तुम्ही घरी येत होता. आता डबा हातात घेऊन फिरवा. डब्यावर बहुधा इंग्रजी अक्षरे असतात. ती वाचता आली नाहीत तरी हरकत नाही. आकडे तर वाचता येतात! इंग्रजी ९० चा आकडा कसा दिसतो, ते आज गुरुजींकडून फळ्यावर लिहून घ्या. तो आकडा डब्यावर शोधा. सापडला नाही तर दुकानदाराला विचारा, "यात शिसे किती आहे? कुठे छापले आहे ते दाखवा." डबा कोणत्या महिन्यात, कोणत्या साली भरला तेही पाहा. विचारायला लाजू नका. दाम आपण मोजतो.

हा नियम घरच्या रंगांपुरता आहे. ट्रॅक्टर, नांगर, यंत्रे यांना देण्याचे रंग वेगळे असतात. त्यातला उरलेला रंग पाळण्याला किंवा खेळण्याला देऊ नका.

मग लावावे काय? जवसाचे तेल

आता चांगल्या गोष्टी सांगतो. त्या फार लांबून आणाव्या लागत नाहीत.

पहिले आहे जवस. आपल्या विदर्भात पूर्वी जवसाचा पेरा मोठा होता. आता कपाशी आणि सोयाबीनने ती जागा घेतली. तरी जवसाची चटणी घरोघर होते. या जवसाच्या तेलाचा एक गुण आहे. ते हवा पिऊन वाळते. त्याचा पातळ पापुद्रा होतो. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल असे वाळत नाही. ते चिकट राहते, त्यावर धूळ बसते, खवट वास येतो. म्हणून लाकडाला जवसच.

हे तेल दोन प्रकारचे मिळते. घाणीचे कच्चे तेल वाळायला आठवडा किंवा जास्तही घेते. रंगाच्या दुकानात मिळते ते बेलतेल. कोणी त्याला डबल बॉईल म्हणतात. ते एक-दोन दिवसांत वाळते, कारण त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. तेव्हा पोळपाट, लाटणे, काठवट अशा अन्नाच्या वस्तूंना बेलतेल लावू नका. त्यांना घाणीचे कच्चे तेल लावा आणि पुरते वाळू द्या. दार, चौकट, खाट, पेटी यांना बेलतेल चालेल.

लावायचे कसे? लाकूड कोरडे हवे. ओल्या लाकडावर काहीच टिकत नाही. आधी पॉलिश पेपरने घासा. रेषेच्या दिशेने घासा, आडवे घासू नका. धूळ पुसा. मग फडक्याने तेल पातळ लावा. पंधरा-वीस मिनिटे थांबा. लाकूड जेवढे पिते तेवढे पिऊ द्या. उरलेले कोरड्या फडक्याने पुसून काढा. पुसले नाही तर ते चिकट होऊन बसते. वाळले की दुसरा हात, मग तिसरा हात. पुढे वर्षातून एकदा एक हात दिला की पुरे. पोपडे निघत नाहीत, खरवडावे लागत नाही.

तेलात मधमाशीचे मेण घातले तर आणखी बरे. चार भाग तेल, एक भाग मेण. चुलीवर थेट ठेवू नका, भडका उडेल. मोठ्या भांड्यात पाणी तापवा, त्यात लहान भांडे ठेवून मेण वितळवा. थंड झाले की मलम होते. पेटीला, खुर्चीला चोळा. छान मऊ झळाळी येते.

पण आता एक धोक्याची गोष्ट ऐका. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होते. फडक्यांचा गोळा असला तर ती ऊब आतच कोंडते, वाढत जाते आणि फडके आपोआप पेट घेते. काडी ओढावी लागत नाही. दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरात काय असते? वेचून आणलेला कापूस! खोलीभर कापूस आणि कोपऱ्यात तेलाचे फडके, म्हणजे घराला आग लावण्याचीच तयारी झाली. म्हणून काम झाले की फडके बाहेर पसरून एकेकटे वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

दुसरी वस्तू लाख

लाख म्हणजे लाखोळीची डाळ नव्हे, बरं का! बांगड्यांची लाख. पांडवांना जाळण्यासाठी कौरवांनी लाक्षागृह बांधले, ती लाख.

आपल्या बांधावर पळस आहे, बोर आहे. या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा बसतो. तो रस पितो आणि अंगाभोवती राळेसारखे कवच करतो. लाखो किडे शेजारी शेजारी बसले की फांदीवर जाड थर होतो. तो खरवडला, धुतला, वितळवून पातळ पापड केले, की झाली चपडी लाख. आपल्या राज्यात गोंदियाकडे लाखेचे पीक घेतात. देशात झारखंड त्यात पुढे आहे. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली. लाखेला बाजार आहे, म्हणून शेतकरी पळस तोडत नाही, जपतो. लाख वापरली तर झाडही वाचते.

सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते लाखेचेच. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे दीडशे ग्रॅम चपडी लाख घालायची. रात्रभर ठेवायची, मधून मधून हलवायची. विरघळली की कपड्यातून गाळायची. मऊ फडक्याने पातळ पातळ हात द्यायचे. प्रत्येक हात लवकर वाळतो. कपाट, देव्हारा, फोटोची चौकट यांना हे उत्तम.

सावंतवाडीची लाकडी खेळणी, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी ऐकली असतील. तिथे चरकावर लाकूड फिरवतात आणि रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. स्पिरिटही लागत नाही.

लाखेचे दोन दोष आहेत. तिच्यावर गरम भांडे ठेवले, पाणी साचले, तर पांढरा डाग पडतो. म्हणून चुलीजवळच्या फळीला आणि पावसातल्या दाराला ती नको. दुसरे, लाख आणि स्पिरिट दोन्ही पेट घेतात. लाक्षागृह विसरू नका. काम करताना विडी नको, दिवा नको, चूल विझलेली हवी.

आणि स्पिरिटबद्दल एक सक्त सूचना. पॉलिशचे स्पिरिट विषारी असते. ते पिणारी माणसे आंधळी होतात, मरतात. बाटली कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत कधी भरू नका.

बाजारची चकचकीत पॉलिश

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, शहरात काचेसारखे चमकणारे दार पाहिले. ते काय असते?" ते मेलामाईन किंवा पीयू नावाचे पॉलिश असते. ते कठीण असते, पाण्याला दाद देत नाही, हे खरे. पण त्यात थिनर घालतात. थिनरचा उग्र वास म्हणजे काय? पातळ द्रव्य उडून हवेत जाते आणि आपण ते ओढून घेतो. डोके दुखते, डोळे चुरचुरतात, घेरी येते. पीयूच्या फवाऱ्याने तर काम करणाऱ्याला दम्याचा विकार जडू शकतो. घरधन्याला वास आठ दिवस. पॉलिशवाल्याला जन्मभर. त्याचाही विचार आपण करावा.

असे काम करायचेच असेल तर दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवा. कारागिराला तोंडावर फडके पुरत नाही, त्याला वाफ अडवणारा मास्क लागतो. गरोदर बाई, तान्हे मूल, दमेकरी यांना वास जाईपर्यंत त्या खोलीत निजवू नका.

पावसाचा मारा बसणाऱ्या दाराला ऑईल पेंट लावला तर वाईट नाही. मात्र डबा पाहून घ्या, काम उघड्यावर करा, आणि पूर्ण वाळल्यावर दार बसवा. पाण्यात कालवायचे रंगही लाकडासाठी मिळतात. त्यांना वास कमी असतो. ब्रश पाण्याने धुतो, थिनर लागत नाही.

जुन्याचे काय करावे?

जुना रंग कोरडा घासू नका. त्याची धूळ विषारी असू शकते. आधी ओल्या फडक्याने भिजवा, मग ओल्या पेपरने घासा. खाली गोणपाट पसरा. खरवडलेला चुरा गोळा करून पिशवीत बांधा. त्या वेळी मुले शेजारी पाठवा.

आणि मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी. रंग दिलेले जुने लाकूड चुलीत घालू नका. पाणी तापवायलाही नको. रंगातले शिसे धुरात जाते आणि राखेत उरते. आपण राखेने भांडी घासतो. म्हणजे दाराचे विष ताटात आले.

उरलेले थिनर आणि रंग नालीत, विहिरीजवळ, नाल्यात ओतू नका. पूस पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि ते पाणी पुढे गोदावरीत जाते. वाटेत किती माणसे, किती गुरे ते पाणी पितात! लागेल तेवढेच आणा. उरले तर घट्ट बूच लावून पुढच्या कामाला ठेवा, नाहीतर शेजाऱ्याला द्या.

पाच गोष्टी लक्षात ठेवा

१. जळके ऑईल आणि फवारणीचे औषध घरातल्या लाकडाला लावू नका.
२. आतल्या लाकडाला जवसाचे तेल, मेण किंवा लाख लावा.
३. रंग घ्यायचा तर डब्यावरचा ९० चा आकडा पाहून घ्या.
४. तेलाचे फडके पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.
५. रंगवलेले लाकूड चुलीत घालू नका.

दारावरचा रंग पाहुण्याला घटकाभर दिसतो. आपली लेकरे मात्र त्या दाराशी रोज खेळतात. निवड करताना त्यांना डोळ्यांपुढे ठेवा. यंदा दिवाळीला रंगाच्या दुकानात जाल, तेव्हा डबा हातात घ्या आणि दुकानदारासमोर मोठ्याने वाचा. मागे उभा असलेला माणूसही ऐकेल. तोही विचारील, "यात शिसे किती?"

एवढे सांगून मी आपली रजा घेतो.